पाव फेरा

चावी एवढीशी, वाकवलेल्या तारेची.
घशात जाऊ नये म्हणून
मॅडमनी तिला दोरा बांधून दिला.
मी मोटरा बांधतो, पाच हॉर्सच्या, साडेसातच्या,
दारव्हा रोडवर दुकान आहे;
आटे मला कळतात.
तरी पहिल्या रात्री लाइन गेलेली,
वैशालीनं मोबाइलची टॉर्च धरली
आणि लेकीच्या तोंडात माझा हात थरथरला.

पुढच्या भोकात चावी, घशाकडे ढकल,
नवं भोक दिसलं की थांब.
पाव फेरा. पाव मिलिमीटर.
जुन्या वहीत तारीख, तारखेपुढे रेघ.
‘दुखते काय व?’
ती मान हलवते, नाही.
मग बोट नेते दोन डोळ्यांच्या मधोमध:
‘इथं कोनी ढकलल्यासारखं वाटते.’

अमरावतीला मॅडमनी
दोन तळहात कडेला कड लावून दाखवले होते.
वरचा जबडा लहानपणी दोन तुकड्यांचा, मधे शिवण.
हिला अकरावं चालू आहे, शिवण अजून ओली आहे.
आपण हाड तोडत नाही, शिवण उसवतो,
फटीत शरीर स्वतःच हाड टाकतं.
मी त्या ‘टाकतं’पाशी अडकलो.
जसा कोणी मिस्त्री आत बसलाय
रात्रपाळीला, हजेरीपटावर नाव नसलेला.

टाळू. एक शब्द, दोन जागा.
सम्यका दोन महिन्यांची असताना
वरची टाळू जावळाखाली उडायची.
वैशाली जपून तेल थापायची,
‘भर व माय, लवकर भर.’
भरली, आणि आम्ही विसरलो.
आता ही दुसरी,
रोज रात्री साडेआठला
मीच उघडतो आहे.

हुरड्याचे दिवस. दाणा स्क्रूत अडकला
तर अर्धा तास गुळण्या.
‘स’चा ‘श’ झाला.
नव्या सरांनी नाव विचारलं. ‘शम्यका.’
वर्ग हसला. दोन दिवस ती शाळेत गेली नाही.
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दप्तर फेकत म्हणाली,
‘म्या सांगतलं त्याहीले,
माह्या तोंडात मशीन हाय,
तुमच्या तोंडात काय हाय?’

दहाव्या दिवशी समोरच्या दातांत फट,
तांदळाचा दाणा सहज जाईल एवढी.
घरासमोरच्या पंचफुलाबाई म्हणाल्या,
‘चांगली पोट्टी बिघडवली ना बाप्पा.’
वैशाली रात्रभर कूस बदलत राहिली.
सकाळी फोन लावला तर मॅडम हसल्या,
‘पडली फट? मी तिचीच वाट पाहत होते.’

अठ्ठावीस रेघा झाल्या, चावी थांबली.
स्क्रू मात्र तसाच, सहा महिने,
काहीही न करता.
हे मला जमेना.
माझ्या दुकानात न हात लावता
आजवर काही दुरुस्त झालेलं नाही.

पहिल्या एक्सरेत मधोमध काळी पट्टी,
किलकिल्या दारासारखी.
दुसऱ्यात ती धुरकटली.
तिसऱ्यात मॅडमना बोट ठेवून
सांगावं लागलं, कुठे होती.
फट तर आधीच मिटली होती,
दात आपापले सरकून आले.

निघताना मी विचारलं, नाकाचं काय?
ती तोंड उघडं टाकून झोपते.
‘थोडा फरक पडेल कदाचित. वचन देत नाही.’
आणि माझं? मीही तसाच झोपतो.
त्यांनी आरसा घातला, पाहिलं.
‘तुमची शिवण केव्हाच मुरली, भाऊ.
आता कापावं लागेल.’
एसटीत दारव्ह्यापर्यंत
मी जीभ टाळूला लावून बसलो.
उंच, अरुंद, गच्च.
कोणी चावी लावलीच नव्हती.

चावी दुकानात खिळ्याला टांगली आहे,
दोऱ्यासकट, तांब्याच्या तारेच्या भेंडोळ्याशेजारी.
गिऱ्हाइकं विचारतात,
‘हे कोन्त्या पंपाची हो?’
‘हाय एका,’ म्हणतो,
आणि पाना उचलतो.